खोक्यांतून आलेले स्वयंपाकघर: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सुटे भाग खोक्यांत भरून घरी पाठवायचे आणि जोडणी ग्राहकाने स्वतः करायची, अशा पद्धतीने विकले जाणारे तयार स्वयंपाकघर आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतले. ओट्याखालची नऊ कपाटे, भिंतीवरची पाच, त्यांची शटर म्हणजे दारे, चॅनेल (ट्रॉल्या ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या), बिजागऱ्या आणि स्कर्टिंग (कपाटांचे पाय झाकणारी खालची पट्टी) एवढा तो संच होता. कपाटे आम्ही घरच्यांनी जोडली. नळजोडणी, वीज, गॅस आणि ओट्याचा दगड ही कामे मात्र जाणकारांकडून करून घेतली. आमच्या मते माल उत्तम आणि विक्रीनंतरची सेवा सुमार आहे. पैसे वाचले हे खरे, पण जिथे वाचतील असे वाटले होते तिथे ते वाचले नाहीत.

सुरुवातीला आमची सगळी भिस्त सवलतीवर होती. तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली तेव्हा कळले की त्यांची तुलनाच होऊ शकत नाही. एकाने लांबीच्या फुटामागे दर सांगितला होता, दुसऱ्याने कपाटागणिक, आणि तिसऱ्याने मोठी सूट जाहीर करून ती केवळ कपाटांच्या सांगाड्यांना लागू केली होती. शटर आणि चॅनेल पूर्ण किमतीतच होते. फुटामागच्या दरात तर त्या फुटात साधी फळी येणार की तीन ट्रॉल्या, हेच स्पष्ट नव्हते, आणि खर्चातला खरा फरक नेमका तिथेच असतो. शेवटी आम्ही स्वतः मापांसह आराखडा काढला, कोणत्या कपाटात काय हवे ते लिहिले आणि तोच कागद तिघांनाही देऊन प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत मागितली. त्यानंतर ज्याची सूट सर्वांत मोठी होती, तोच सर्वांत महाग निघाला.

बचतीचा सर्वांत मोठा निर्णय मात्र कोणत्याही दुकानात झाला नाही. सिंक खिडकीखाली न्यावे अशी घरात सर्वांची इच्छा होती. सांडपाण्याच्या नळीला साधारण चाळीसास एक असा उतार द्यावा लागतो, म्हणजे सिंक दोन मीटर सरकवले तर नळी पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. त्यासाठी फरशी किंवा भिंत फोडणे, पुन्हा फरशी बसवणे आणि रंग देणे हे सगळे ओघाने आलेच. सिंक आणि शेगडी जागच्या जागी ठेवल्याने ही तोडफोड टळली. खिडकीची हौस तेवढी राहून गेली.

दुसरा निर्णय मापांचा. आधुनिक, बांधेसूद स्वयंपाकघराची सुरुवात मानले जाणारे फ्रँकफर्ट किचन मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखले आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. एकच माप पुन्हा पुन्हा तयार केल्यामुळेच ते सामान्यांच्या घरांना परवडले. ते गणित आजही बदललेले नाही. ३००, ४५०, ६०० मिलिमीटर अशा ठरावीक रुंदीची कपाटे कारखान्यात सतत बनत असतात, पण ५३० मिलिमीटरचे कपाट मागितले की ते खास बनवून घेतलेले ठरते आणि त्याची किंमत बरीच वाढते. आमच्या भिंतीवर सगळी कपाटे लावून ७० मिलिमीटर जागा उरत होती. विक्रेत्याने खास मापाचे कपाट सुचवले. आम्ही त्याऐवजी कडेला शटरच्याच रंगाची फिलर पट्टी लावली, आणि आजवर एकाही पाहुण्याच्या ती लक्षात आलेली नाही. ठरावीक मापांचा आणखी एक फायदा पुढे कळतो. सांगाड्याच्या आतल्या बाजूंना ३२ मिलिमीटर अंतरावर ५ मिलिमीटर व्यासाची भोके असतील, तर फळी, चॅनेल किंवा बिजागरी नंतर बदलताना नवे भोक पाडावे लागत नाही.

ट्रॉल्यांच्या बाबतीत आम्ही हात आखडता घेतला आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. एका साध्या शटरमागे दोन फळ्या असलेले कपाट आणि त्याच रुंदीचे तीन ट्रॉल्यांचे कपाट यांच्या किमतींत मोठे अंतर असते, कारण प्रत्येक ट्रॉलीला चॅनेलची जोडी, तळ, बाजू आणि दर्शनी भाग वेगवेगळा लागतो. नऊपैकी दोनच कपाटांत ट्रॉल्या घेतल्या: एक शेगडीखाली, एक तिच्या शेजारी. कोपऱ्यातून गोल फिरून बाहेर येणारी यंत्रणा दुकानात फार मोहक दिसते. आम्ही तिथे साधी फळी ठेवली आणि वर्षातून चारदा लागणारी मोठी भांडी आत ढकलली.

जिथे हात आखडू नये अशा जागाही आहेत. बिजागऱ्या आणि चॅनेल चांगल्या प्रतीचेच घ्यावेत, कारण दिवसातून वीस वेळा उघडणारे शटर त्यांच्यावरच टिकते. सांगाड्यासाठी पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे डिंकाने दाबून केलेली फळी, चालतो, पण त्याच्या कापलेल्या प्रत्येक कडेवर एज बँडिंग, म्हणजे कड झाकणारी चिकटपट्टी, हवे. उघड्या कडेतून पाणी शिरले की तो फुगतो आणि फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही. बोर्डाच्या हिरव्या रंगावरून तो पाण्याला दाद देत नाही असे समजू नये. तो रंग ओळखीपुरता मिसळलेला असतो, खरी परीक्षा आतल्या डिंकाची असते. सिंकखालचे एक कपाट तेवढे आम्ही जलरोधक प्लायवूडचे घेतले. शटरवर चकचकीत ॲक्रिलिकऐवजी लॅमिनेट लावले. ते स्वस्त तर पडलेच, शिवाय बोटांचे ठसेही त्यावर कमी दिसतात.

जोडणीला दोघांना चार दिवस लागले. कपाट जोडणे सोपे असते, सगळी कपाटे एका पातळीत आणणे कठीण. फरशी सपाट दिसली तरी ती क्वचितच तशी असते, म्हणून सर्वांत उंच जागा शोधून तिथून सुरुवात करावी आणि बाकीच्या कपाटांचे पाय फिरवून वर आणावेत. २० मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस मीटरला पन्नास किलोहून अधिक भरते. कपाटे वरखाली असतील तर तो भार काही पायांवरच येतो आणि सांध्याला तडा जाऊ शकतो. दगडाचे माप आम्ही कपाटे घट्ट बसल्यानंतरच दिले. आराखड्यावरून आधी दिले असते तर एका टोकाला बोटभर फट राहिली असती.

आता तक्रार. एक शटर उलट्या बाजूला भोके पाडलेले आले आणि स्कर्टिंगची एक पट्टी आलीच नाही. कंपनीने दोन्ही वस्तू विनामूल्य बदलून दिल्या, पण त्याला तीन आठवडे लागले आणि मधल्या काळात तेच तेच छायाचित्र चार वेळा पाठवावे लागले. जुने स्वयंपाकघर आम्ही खोकी उघडण्याआधीच काढून टाकले होते, त्यामुळे तेवढे दिवस बाहेरून जेवण मागवण्यात वाचलेल्या पैशांचा काही भाग गेला. ही चूक सर्वस्वी आमची. प्रत्येक खोके उघडून यादीशी ताडून पाहिल्याशिवाय जुन्या ओट्याला हात लावायला नको होता.

दोन वर्षांत एका शटरची बिजागरी स्क्रूने थोडी कसावी लागली आणि सिंकभोवतीचे सिलिकॉन एकदा नव्याने भरले. प्लायवूडचे ते कपाट नळीची गळती होऊन एकदा चांगले भिजले. पुसून दार उघडे ठेवले, आणि दोन दिवसांत ते पूर्ण कोरडे झाले.