चढता आलेख दाखवून गळ्यात मारलेलं 'मेमरी ट्रेनिंग'

'पोर्‍या हुशार शे, पन अभ्यासमा ध्यान लागत नही.' अमळनेरकडच्या एका आईचं हे वाक्य 'मेमरी ट्रेनिंग' म्हणजे स्मरणशक्ती वाढवण्याचे खेळ विकणाऱ्या शिबिरातल्या विक्रेत्याला पुरेसं झालं. संगणकावर वीस मिनिटांची चाचणी, रंगीत अहवाल, त्यावर 'एडीएचडी' (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) असा शेरा आणि लगेच त्या खेळांचं चाळीस हजारांच्या वरचं पॅकेज. एडीएचडीचं निदान असं होतच नाही. लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, किमान सहा महिने दिसावी लागतात आणि ती बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात. शिक्षकांना काही न विचारता, झोप आणि ऐकू येणं न तपासता निदान सांगितलं, तर तिथूनच उठावं.

खरी फसवणूक मात्र मुलाची प्रगती दाखवणाऱ्या आलेखात होती. खेळात चौकटीतले दिवे लागतात, मुलाने त्याच क्रमाने ते दाबायचे. जमलं की दिव्यांची संख्या वाढते. आठवड्याला पाच दिवस, पाच आठवडे. शेवटी चाचणीही त्याच दिव्यांची. पाच आठवडे जो खेळ खेळला त्यात गुण वाढणारच! त्यावरून गणित, वाचन किंवा वर्गातलं लक्ष सुधारलं असं म्हणता येत नाही.

या पद्धतीवर खरं संशोधन झालं आहे, आणि विक्रेते त्यातलं अर्धंच सांगतात. स्वीडनमध्ये टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या 2005 च्या चाचणीत एडीएचडी असलेली 53 मुलं होती. पालकांना फरक जाणवला, शिक्षकांच्या नोंदींत तो ठळक दिसला नाही. अमेरिकेत 2014 साली अशाच 85 मुलांची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना अवघड होत जाणारा खेळ, बाकीच्यांना सोप्या पातळीवरच थांबलेला. लक्षात ठेवण्याच्या काही कामांत पहिला गट पुढे गेला, पण एडीएचडीच्या लक्षणांत आणि अभ्यासात दोन्ही गट सारखेच राहिले. तुलनेचा गट लागतो तो यासाठीच. आई रोज शेजारी बसते, शाबासकी देते, पैसे भरल्यामुळे आशाही असते. मूल थोडं शांत होतं आणि श्रेय खेळाला जातं.

सगळ्यात वाईट म्हणजे हे पॅकेज विकणाऱ्यांनी मुलाला डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करायला सांगितली. डॉक्टरांना न विचारता असं कधीही करू नका.

पैशाचा सापळा वेगळाच. 'हप्ता सोपा' म्हणत वडिलांच्या मोबाइलवरचा ओटीपी घेतला आणि त्यांच्या नावावर कर्ज निघालं. शिकवणी थांबली, हप्ते चालूच! ओटीपी देण्याआधी कर्ज देणारी कंपनी कोणती आणि रद्द करण्याची मुदत किती, हे कागदावर मागा.

तपासणीसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात बालरोग किंवा मनोविकार विभागात जा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशीही तिथेच करा. खासगी मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच नको. फसलेल्यांनी पावती, अहवाल आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही.