नवी पेठेतील मोबाईल दुरुस्ती: घाई न करणारा कारागीर

वडिलांची दृष्टी मंदावल्यापासून ते फोन आवाजावरच चालवतात. त्यामुळे व्हॉइस असिस्टंटला त्यांचे बोलणे ऐकू येईनासे झाले, तेव्हा आम्ही सोलापुरातील नवी पेठेतल्या एका छोट्या दुकानात गेलो. कारागिराने फोन लगेच उघडला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. त्यांनी आधी ब्लूटूथ बंद केले, ॲपला दिलेली मायक्रोफोनची परवानगी आणि अँड्रॉइड १२ पासून आलेले मायक्रोफोन बंद-चालू करण्याचे बटण तपासले, मग रेकॉर्डरवर आवाज नोंदवला. तोही दबकाच आला, म्हणजे दोष ॲपचा नव्हता. चार्जिंगच्या खाचेशेजारील मायक्रोफोनच्या छिद्रात आमच्या यंत्रमागाचे सुती तंतू दाटले होते. टाचणीने आतील भागाला इजा होऊ शकते, म्हणून त्यांनी ते मऊ ब्रशनेच काढले. दुकानात बसायला जागा नाही, ही मात्र वृद्धांसाठी खरी अडचण आहे.