रेक्याविक : जूनमध्ये जावं की जानेवारीत?

आइसलँडची ही राजधानी 64 अंश उत्तरेवर आहे. जगातल्या सार्वभौम देशांच्या राजधान्यांत सर्वांत उत्तरेची हीच. वस्ती जेमतेम दीड लाखाच्या आत.

जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या आसपास पुन्हा उगवतो. मधे अंधार असा पडतच नाही. समुद्रात बोटीने गेलं की पफिन पक्षी दिसतात, लाल-केशरी चोचीचे, पाण्यावर धापा टाकल्यासारखे उडणारे. रस्त्यांवर बर्फ नसतो, त्यामुळे शहराबाहेर भटकायचं असेल तर हाच काळ. गर्दी मात्र भरपूर, आणि ऊन असलं तरी स्वेटर अंगावर हवाच.

डिसेंबरअखेर दिवस जेमतेम चार तासांचा, जानेवारीत तो हळूहळू वाढतो. थंडी ऐकून वाटते तितकी भयंकर नाही, पारा शून्याच्या आगेमागे असतो. छळतो तो वारा. छत्री तर घरीच ठेवा. पण खरं रेक्याविक मला हिवाळ्यातच दिसतं. जमिनीखालच्या गरम पाण्यावर घरं उबदार राहतात, मध्यवस्तीतल्या कित्येक फुटपाथांखालूनही तेच पाणी फिरतं, म्हणून तिथे बर्फ टिकत नाही. संध्याकाळी लोक उघड्यावरच्या तरणतलावात जमतात. चाळीस अंशांच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून, ओल्या केसांवर बर्फ भुरभुरत असताना निवांत गप्पा. आपल्याकडच्या कट्ट्यासारखंच. न्हाणीघरातल्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, दोन दिवसांत सवय होते.

ध्रुवप्रकाश, म्हणजे रात्रीच्या आभाळात हलणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे, बघायचा असेल तर जून बादच. जानेवारीतही आभाळ निरभ्र हवं, म्हणून चार-पाच रात्री तरी हाताशी ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर जून. नाहीतर मी जानेवारीच सांगेन.