रांगेतले मधले घर: एका नियोजित रो-हाऊस वसाहतीविषयी

घर ठरवण्यापूर्वी आम्ही या वसाहतीत तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा आमचे मत बदलले. पहिल्या भेटीत मनात भरलेले सजवलेले नमुना घर रांगेच्या टोकाचे, म्हणजे तीन बाजूंनी उजेड येणारे होते. आमच्या आवाक्यातली घरे मात्र रांगेच्या मधली, फक्त पुढे आणि मागे खिडक्या असलेली निघाली. अशा घराच्या मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, हे छापील नकाशा पाहून कोणाच्या लक्षात येणार? अर्थात दोन्ही बाजूंना शेजारची घरे असल्याने ऊन, वारा आणि थंडी यांचा मारा तिथे कमी बसतो, हेही मान्य करायला हवे.

खरी परीक्षा जिन्याने घेतली. मजल्याची उंची सुमारे 3 मीटर आणि पायरी 17 ते 18 सेंटिमीटर धरली, तर तळापासून सर्वांत वरच्या, तिसऱ्या पातळीवर पोहोचेपर्यंत साधारण 34 पायऱ्या होतात. आई त्या एकदा चढली, आणि तळाशी झोपण्याची खोली व न्हाणीघर नसलेला आराखडा त्याच क्षणी बाद झाला. (वरची खोली मुलांनी तोवर आपसांत वाटूनही घेतली होती.)

वसाहतीची आखणी मात्र उत्तम आहे. घरांची तोंडे हिरवळीकडे आणि गाड्यांची वाट मागून, ही क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी अमेरिकेत न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे 1929 च्या सुमारास रूढ केलेली मांडणी इथे नेटाने पाळली असल्यामुळे मुलांना रस्ता न ओलांडता खेळायला जाता येते; फक्त गाडीने येणारा प्रत्येक जण मागच्या दाराने घरात शिरतो आणि पुढचे दार शोभेपुरते उरते.

तिसऱ्यांदा आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो, तेव्हा सामाईक भिंतीपलीकडच्या टीव्हीवरील बातम्या शब्दन्‌शब्द ऐकू आल्या. भिंत एकेरी आहे की मध्ये पोकळी ठेवून दुहेरी बांधली आहे, याचे उत्तर विक्री कार्यालयाला देता आले नाही. सलग छत गळल्यास दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा आणि वसाहतीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत किती रक्कम जमा आहे, या प्रश्नांची लेखी उत्तरेही दोनदा मागून मिळालेली नाहीत. आखणीसाठी पाचपैकी चार गुण, कारभारासाठी दोन. ती कागदपत्रे हाती येईपर्यंत आम्ही आगाऊ रक्कम भरलेली नाही.