लेबलवर ६,८००, आत १,१४०

विमान उडवताना वाट दाखवणाऱ्या हँडहेल्ड एव्हिएशन जीपीएसला ऑनलाइन बॅटरी मागवताय? आधी लेबल नीट वाचा. मी वाचलं होतं, वाचून खूशही झालो होतो, चीड त्याचीच आहे. ७.४ व्होल्ट, क्षमता ६,८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास). ७.४ म्हणजे आत १८६५० आकाराचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) दोन सेल सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेले. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, क्षमता नाही. आणि या आकाराचा सहसा मिळणारा चांगला सेलही ३,५००च्या आसपासच थांबतो. मग ६,८०० आले कुठून? भामट्याने सरळ बेरीज मारली होती! हे गणित मला येतं हो. पण वर होलोग्राम, खोक्यावर ‘ओरिजिनल’ आणि सवलत जेमतेम दहा टक्के. निम्म्या किमतीत दिली असती तर कुणालाही शंका आली असती.

हवेत असताना स्क्रीनवर ६२ टक्के दिसत होते आणि स्क्रीन गपकन काळी. मेलेल्या सेलवर लोड आला की व्होल्टेज कोसळतं, संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं, टक्क्यांना पत्ताही नसतो. मांडीवर कागदी नकाशा होता म्हणून निभावलं. (त्यावरून मला हसणाऱ्यांनी आता हसावं.) नंतर बॅटरीची क्षमता मोजली: १,१४०. पॅक उघडला, तर नव्याकोऱ्या निळ्या वेष्टनाखाली सेलच्या टोकांना आधीच्या वेल्डिंगचे ठिपके. भंगारातून उपटलेला माल!

विक्रेता म्हणे, उन्हात ठेवली असेल. पोर्टल म्हणे, परत पाठवा. कुरिअरच्या फॉर्मवर ‘सदोष लिथियम बॅटरी’ लिहिलं, त्यांनी हात झटकले; असला माल विमानाने नेता येत नाही, आणि नियम योग्यच आहे. मग पोर्टल म्हणे, वस्तू पोहोचली नाही, रिफंड नाही! ग्राहक तक्रार कक्षाला प्रयोगशाळेचा अहवाल हवा, तोही माझ्या खर्चाने. विमान वाहतूक खात्याचं उत्तर एका ओळीचं: उपकरण विमानाला बसवलेलं नाही, सबब विषय आमचा नाही. मी कोसळलो असतो तर झाला असता का? वर फोनवर विचारतात, “सर, ओरिजिनल का नाही घेतली?” अहो, ओरिजिनल म्हणूनच घेतली होती!

आलेली बॅटरी आधी वजनकाट्यावर ठेवा. असे दोन खरे सेलच ९० ग्रॅमच्या आसपास भरतात. जमिनीवरच, ब्राइटनेस पूर्ण ठेवून, संपेपर्यंत चालवा आणि घड्याळ लावा. परताव्याची मुदत संपायच्या आत. उड्डाणात विमानाच्या सॉकेटवर चालवा, बॅटरी राखीव ठेवा. टक्क्यांवर काडीचा विश्वास नको.

त्या विक्रेत्याच्या पानावर तीच बॅटरी आता ८,८०० एमएएचची झाली आहे.