घरगुती हवामापक यंत्र, चंद्रपुरात दहा महिने: वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आईच्या दम्याने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा हवेतील कण मोजणारे एक छोटे यंत्र घरी आणले. आम्ही चंद्रपूरच्या तुकूम भागात राहतो आणि गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. इरई-झरपटच्या काठचे हे गाव, 2,920 मेगावॉटचे वीज केंद्र आणि भोवती कोळशाच्या खाणी. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषितांत चौथे आले होते, त्यामुळे असे यंत्र कशाला घेतले, हे येथे कोणी विचारत नाही.

कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या जातीच्या सर्वच यंत्रांना लागू पडतात. यातला बारीक पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या झोतातून जाणारे कण प्रकाश विखुरतात आणि त्यावरून घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम धूळ आहे याचा आकडा काढला जातो. म्हणजे कणांचे वजन होत नाही, अंदाज होतो. ही गोष्ट खोक्यावर कुठेही लिहिलेली नव्हती.

हिवाळ्यात यंत्राने पैसे वसूल करून दिले. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि शेगड्या, पेटवलेला कचरा व वाहने यांचा धूर तिच्यातच साचून राहतो. रात्री नऊनंतर आकडा चढू लागे आणि पहाटे पीएम 2.5 चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे, प्रमाण अनेकदा 150 च्या पुढे जाई. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा 60 आहे. उन्हे वर आल्यावर तो उतरावा अशी अपेक्षा होती, पण कित्येक दिवशी नऊ-दहाच्या सुमारास एक दुसरा चढ दिसला. थर फुटताना उंचावर अडलेला धूर खाली मिसळतो, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते, पण माझ्या यंत्रावरून ते सिद्ध करता येणार नाही. एवढे मात्र झाले, की आईचे सकाळचे फिरणे आम्ही अकरानंतर नेले आणि तिच्या रात्री बऱ्या जाऊ लागल्या.

याच दिवसांत यंत्राने एकदा चांगलेच फसवले. दाट धुक्यात ते दाताळा पुलावर, इरईवर नेले, तर आकडा 400 पार गेला. ओलाव्याने कण फुगतात आणि धुक्याचे थेंबही कण म्हणूनच मोजले जातात. तेव्हापासून आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असेल, तर मी आकडा वाचतो, पण मानत नाही. रंगांचाही घोळ आहे. यंत्र अमेरिकी मोजपट्टी वापरते, त्यामुळे जो 60 चा आकडा भारतीय निर्देशांकात ‘समाधानकारक’ ठरतो, तोच येथे लाल दिसतो. पहिल्या आठवड्यात आम्ही विनाकारण घाबरलो होतो.

खरी निराशा उन्हाळ्यात झाली. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, त्याचा धूर संध्याकाळी यंत्राने अचूक टिपला. मे महिन्यात मात्र, पारा 45 अंशांच्या पुढे असताना आणि कोळशाच्या ट्रकांमागून काळा लोट उठत असताना, पडद्यावर चक्क हिरवा रंग. दुपारी तापलेली हवा उंचावर मिसळते, त्यामुळे बारीक कण खरोखरच कमी होतात. पण खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेल्या जागी संध्याकाळी बोट फिरवले, की ते काळे होई. ही धूळ जाड. कोळशाची भुकटी, राख, रस्त्याची माती असे जड कण त्या बारीक पंख्याच्या ओढीने लेसरपर्यंत नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे पीएम 10 चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, आकडा जवळजवळ शोभेचाच आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खुटाळा येथील हवामापन केंद्राचे आकडे शेजारी ठेवले, तेव्हा पीएम 2.5 चा कल बहुतेक दिवशी जुळला, पीएम 10 चा मात्र उन्हाळाभर जुळला नाही. आईचा ओला फडका त्या कामी यंत्रापेक्षा भरवशाचा ठरला.

पावसाळ्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे: जुलैत आकडा बहुतेक वेळा 20 च्या आत राहिला.

जूनमध्ये पंखा घरघरू लागला. सेवा केंद्राने आत साफसफाई होत नाही, नवे घ्या, असे सांगितले. मऊ ब्रश आणि हातपंप वापरून मी धूळ काढली, तेव्हा ते पूर्ववत झाले. चंद्रपूरसारख्या ठिकाणी हे दर दोन महिन्यांनी करावे लागेल असे धरून चाला. सध्या ते आईच्या खोलीत, जमिनीपासून चार फुटांवर, खिडकीपासून दूर ठेवले आहे आणि नोव्हेंबर लागेपर्यंत बंद आहे.