मिऱ्याचं होमस्टे: जेवणाला पाच, फोटोंना शून्य

१८ फेब्रुवारी २०२३, महाशिवरात्रीचा शनिवार. जोडून रविवार आला म्हणून कोल्हापुरातून पहाटेच निघालो आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठली. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. जाहिरातीत होतं, 'अंगणातून थेट वाळूवर'. फोटोत माडाखाली खुर्च्या आणि पुढे स्वच्छ किनारा.

प्रत्यक्षात अंगणापुढे रस्ता, त्यापलीकडे दगडांची रास आणि राशीवर चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम जोरात चालू. महाशिवरात्रीची सुट्टी डंपरला नव्हती. पोकलेन दगड उचलायचा, आपटायचा, की खिडकीची तावदानं थरथरायची. धाकटा बादली-फावडं घेऊन गेटपाशी उभा. "आई, वाळू कुठे गेली?"

फोटो किती जुने ते मी तिथेच ओळखलं. त्यात बसरा स्टार नव्हतं. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, ते जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं. म्हणजे फोटो त्याआधीचे. मी दोनदा फोन केला होता. पार्किंग आहे का, गरम पाणी आहे का, सगळं विचारलं. बंधाऱ्याचा शब्द काढला नाही त्यांनी.

घरमालक काकांना बोलले तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही दोन दिवस येता, आम्हांला आषाढ इथंच काढायचाय." उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं ते त्यांनी माडाच्या बुंध्यावर हात ठेवून दाखवलं. बंधाऱ्यावरचा राग तिथेच गेला. फोटोंवरचा आहे तो आहेच.

पण माणूस हुशार. थोरलीला तिथीवरून भरतीचा हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. आज त्रयोदशी, म्हणजे पावणेदहाला भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. "चारला भाट्याला जा, वाळू मोकळी मिळेल." गेलो. खाडीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन, झरी विनायकाचं देऊळ आणि भरपूर वाळू. हिशेब चोख निघाला. धाकट्याचा किल्ला काळोख पडेपर्यंत चालू. पण मग समुद्राकाठच्या खोलीचे जादा पैसे आम्ही कशाचे दिले?

जेवणाबद्दल मात्र ब्र काढणार नाही. सासूबाईंचा उपास, तर काकूंनी न सांगता वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली, आमच्याही ताटात वाढली. मासे त्या दिवशी नाहीत म्हटल्यावर ह्यांचं तोंड उतरलं. रविवारी दुपारी सुरमईची तुकडी आणि सोलकढी आल्यावर खुललं. सोलकढी तीन वाट्या, मी मोजल्या. खोल्या स्वच्छ, पाण्याला जोर कमी. आवाज संध्याकाळी सहाला थांबतो, सकाळी आठला सुरू.

निघताना फोटो बदला म्हटलं. "बघू" म्हणाले आणि आमसुलांची पुडी हातात दिली.

पाचपैकी तीन. जाणार असाल तर फोनवर 'समुद्र किती लांब' असं विचारू नका, दहा पावलांवर आहेच तो. 'वाळूवर कुठून उतरता येतं' ते विचारा.